गिरणगावातील एक मावशी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले, त्यात 'कामगार चळवळीतील एक थोर व्यक्ती' असा विषय त्यांनी सुचविला होता. पत्र वाचून आम्ही दोन दिवस विचार करीत होतो. १८८४ साली गिरणी कामगारांची गाऱ्हाणी घेऊन उभे राहिलेले नारायण मेघाजी लोखंडे आहेत, ना. म. जोशी आहेत, १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून पुढे आलेले कॉम्रेड डांगे आहेत. यांच्यावर बोलणारी विद्वान माणसे या मंडपात येऊन गेली असतील, पुढेही येतील. आम्ही त्यांच्यावर बोलायचे म्हणजे चार पुस्तकांतले उतारे आपल्यापुढे वाचून दाखवायचे. त्यापेक्षा जिच्यावर पुस्तक नाही, जिचा पुतळा नाही, आणि जिच्या हातचे आम्ही जेवलो, अशा एका बाईविषयी बोलावे असे ठरविले. चिटणीसांनी हरकत घेतली नाही, याबद्दल त्यांचे आभार.

तिला सारे गिरणगाव मावशी म्हणे. तिची नातवंडे अर्थातच आजी म्हणत, आणि पुढे पुढे चाळीतली सगळीच पोरे आजी म्हणू लागली. तिचे नाव आम्ही येथे सांगणार नाही. तिच्या घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि खरे सांगायचे तर ज्यांना तिची ओळख पटायची त्यांना ती नावाशिवायही पटेल. परळच्या एका चाळीत, तळमजल्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती खानावळ चालवीत असे.

आता 'खानावळ' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे टेबलखुर्च्या आणि भिंतीवर दरपत्रक असे चित्र येईल. गिरणगावची खानावळ तशी नव्हती. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरातला कोणी काका, कोणी मामा मुंबईच्या गिरणीत होता. तो तेथे कसा राहत होता हे त्याने गावी आल्यावर सगळे सांगितले असेलच असे नाही. बायकापोरे गावाकडे, शेतीच्या तुकड्याशी. आपण मुंबईत गावकरी मंडळाच्या गाळ्यात, वीस-पंचवीस जणांत. एक पाळी कामावर, दुसरी बाजारहाटाला, तिसरी झोपलेली, म्हणून एकाच वळकटीवर आळीपाळीने माणसे निजत. ट्रंक ठेवायला फळीवर हातभर जागा. अशा माणसाला चूल कोठून असणार? तेव्हा शेजारच्या चाळीतली कोणी बाई आपल्या संसाराच्या स्वयंपाकातच दहा, पंधरा, वीस माणसांचे रांधी. महिन्याचा दर ठरलेला. माणूस गावी गेला वा आजारी पडला तर तितक्या दिवसांचे 'खाडे' वजा. हिशेब पगाराच्या दिवशी. हीच ती खानावळ. रत्नागिरीकडल्यांना भात आणि कुळथाची पिठी, साताऱ्या-सांगलीकडल्यांना भाकरी. मावशी कोकणातली, तिला भाकरी चांगली थापता येत नसे, आणि घाटावरची मंडळी त्यावरून तिला रोज बोलत. 'तुझी भाकरी म्हणजे भूगोलाचा नकाशा' असे एक साचेवाला म्हणाला, तर तिने त्याला आठवडाभर भात वाढला.

या बायका आल्या कोठून, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे जवळजवळ एक बाई होती. कांड्या भरणे, सूत गुंडाळणे, निवडणे ही कामे बायकांची. पुढे त्या खात्यांत नवी यंत्रे आली, रात्रपाळ्या आल्या. रात्रपाळीला कायद्याने बाई चालत नव्हती. बाळंतपणाचा भत्ता देण्याचा कायदा १९२९ साली झाला, तो न्याय्यच होता. पण बाई ठेवणेच नको, हा त्यावर मालकांनी काढलेला उपाय. दर काही वर्षांनी गिरणीत बायका कमी होत गेल्या. मावशीची सासू अशीच घरी बसलेली. सून आली तेव्हा गिरणीत बाईसाठी जागा उरलीच नव्हती. मावशीचा नवरा कापूस पिंजण्याच्या खात्यात. तेथली धूळ छातीत भरून तो चाळिशीच्या आत गेला. गिरणीने त्याचा हिशेब चुकता केला. मागे एक मुलगी, एक मुलगा आणि पितळेची सहा ताटे. सहा ताटे होती म्हणून सहा माणसे जेवायला ठेवली, असे ती सांगत असे. यात गंमत नाही, ही तिच्या भांडवलाची मोजदाद आहे.

सहाची बावीस झाली. पहाटे साडेतीनला सार्वजनिक नळावर पहिली घागर तिची. सातच्या पाळीची माणसे जेवून जायची, तिसऱ्या पाळीवरून सुटलेली त्याच सुमारास जेवायला यायची, दुसरीचे डबे दुपारनंतर. स्टोव्ह बंद असा फार थोडा वेळ. वाण्याकडून माल उधारीवर, आणि त्या उधारीवर व्याज, तेही दरमहा शेकडा दहाच्या पुढे. सणासुदीच्या आधी मंगळसूत्र गहाण पडायचे. नवरा गेल्यावरही तिने ते गहाण ठेवण्यासाठी जपून ठेवले होते. लोक काय म्हणतील याची तिला पर्वा नव्हती, वाणी काय म्हणेल याची होती.

तिला लिहिता येत नव्हते. मग बावीस माणसांचे खाडे कसे लक्षात ठेवायचे? तिने वही केली होती. प्रत्येक माणसाला एक चित्र. जो पावसाळ्यात छत्री विसरून गेला तो छत्री. मासळीवाचून ज्याचा घास उतरत नसे तो मासा. एक भजनीबुवा होता, त्याला टाळ. चित्रापुढे रोजची एक उभी रेघ, आणि खाडा असेल तेथे गोल टिंब. पुढे तिची मुलगी बाळंतपणात गेली आणि नात आजीपाशी वाढली. ही नात शाळेत जाऊ लागल्यावर संध्याकाळी पाटी घेऊन आजीला शिकवायला बसे. अक्षरे आली, नावे आली. पण चित्रे मावशीने सोडली नाहीत. नाव दोघांचे एक असू शकते, छत्री एकाचीच, असे तिचे म्हणणे. आम्ही पुढे कित्येक कार्यालयांत एकाच नावाच्या दोन माणसांचे घोळ पाहिले, आणि दर वेळी ते वाक्य आठवले.

मावशी संत होती असा कोणाचा समज व्हायला नको. तोंडाने तिखट होती. उधारी थकविणाऱ्याचे नाव ती भर गॅलरीत पुकारीत असे. आणि एक गोष्ट तिने स्वतःच आम्हांला सांगितली, ती सांगितलीच पाहिजे. तिच्याकडे सूतखात्यातला एक दलित कामगार जेवायला होता. त्याचे ताट निराळे, फळीखाली ठेवलेले, आणि पंगतीत त्याची जागा दाराशी. गिरणीतही तसेच होते. विणाई खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तेथे दलितांना घेत नसत, आणि डॉ. आंबेडकरांनी त्यावर बोट ठेवले तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांनाही उत्तर देणे जड गेले होते. गिरणीत जे चालते ते खोलीतही चालले. ते बंद कसे झाले, हे पुढे येईल.

तिचे समाजकार्य, आता आपण ज्याला तसे म्हणतो ते, लाटण्यापासून सुरू झाले. १९७२ चा दुष्काळ, धान्य नाही, तेल नाही, रॉकेल नाही. मृणाल गोरे, अहिल्याबाई रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणले. लाटणी घेऊन मोर्चे निघाले. मावशी गेली ती शेजारणीने ओढून नेली म्हणून. परत आली तेव्हा लाटण्याला चीर गेलेली, आणि बावीस माणसांच्या चपात्या लाटायच्या राहिलेल्या. पण त्या दिवसापासून मोर्चा म्हटला की मावशी तयार. मग १९७४ साली गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. संपवाल्यांना पगार नाही, पण पोट आहे. खानावळवाल्या बायकांनी उधारीवर रांधले. संप मिटला, पुढाऱ्यांना हार पडले, आणि वाण्याचे व्याज बायकांच्या अंगावर राहिले.

हे ज्यांच्या डोळ्यांत सलले त्या प्रेमाताई पुरव. गोव्याच्या मुक्तिसंग्रामातून आलेल्या आणि गिरणगावात कामगारांत वावरलेल्या. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालेले होते. गरिबाला कर्ज मिळेल असे सरकार म्हणत होते. प्रेमाताईंनी म्हटले, मग द्या. जामीन कोण? तर बायकाच एकमेकींना जामीन. सोने नको, घर नको, शेजारणीचा शब्द. या बिनतारणाच्या कर्जाने कित्येक बायका वाण्याच्या व्याजातून सुटल्या. पुढे २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली, हे आपण वाचले असेल.

मावशीच्या गटातली एक बाई बौद्धवाड्यातली होती. बँकेच्या कागदावर मावशीच्या नावाखाली तिचा अंगठा. त्या रात्री मावशीने फळीखालचे ताट काढून बाकीच्या ताटांत मिसळले. 'जिच्या अंगठ्यावर माझे कर्ज, तिच्या माणसांच्या ताटाला कसला विटाळ?' असे तिने आम्हांला सांगितले, आणि थोडे थांबून म्हणाली, 'इतकी वर्षे मला हे कोणी सांगितले नाही, का मीच ऐकले नाही, देव जाणे.' तो कामगार मात्र त्यानंतरही बरेच दिवस सवयीने दाराशीच बसत होता. ती त्याला रोज आत बोलवी.

आमचा तिच्याशी संबंध १९८१ सालचा. आम्ही अकरा-बारा वर्षांचे, त्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहणारे. शाळा सुटली की दुसऱ्या पाळीचे डबे गिरणीच्या फाटकाशी पोचविण्याचे काम मावशीने आम्हांला दिले. महिना पंधरा रुपये. (आज कोणी बारा वर्षांच्या पोराला असे कामाला लावले तर आम्हीच तक्रार नोंदवू, पण ते पंधरा रुपये आमच्या आईला हवे होते.) एका काठीला दोन्हीकडे डबे अडकवून भोंग्याच्या आधी पोचायचे. डबा ओळखायलाही तीच चित्रे: झाकणावर खिळ्याने कोरलेली छत्री, मासा, टाळ.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाची कारणे, मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला दिलेली मक्तेदारी, बोनसचा वाद, हे सर्व स्वतंत्र व्याख्यानाचे विषय आहेत. कोणाचे चुकले यावर आमचीही मते आहेत, ती आज नकोत. एवढे खरे की तो संप कोणी मागे घेतला नाही, आणि तो संपलाही नाही. तो विरून गेला. हजारोंना पुन्हा कामावर घेतले नाही, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि १९९७ च्या जानेवारीत डॉक्टरांचा खून झाला, तोवर पुष्कळ भोंगे कायमचे मुके झाले होते.

संपाच्या पहिल्या महिन्यात फाटकावरच्या सभा भरभरून होत होत्या. आम्ही पोरे घोषणा देत फिरत होतो. मावशीची बावीस ताटे चालू होती. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणसे गावी जाऊ लागली. जाताना प्रत्येकजण सांगे, 'मावशी, संप मिटला की येतो, हिशेब चुकता करतो.' ती वहीत शेवटची रेघ मारून खाली आडवी ओळ ओढी. जे राहिले ते शहरात काही मिळते का ते शोधत होते, आणि रात्री जेवायला येत. गावोगावहून संपकऱ्यांसाठी धान्य यायचे, त्यातले पायलीभर मिळाले की दोन दिवस निभत. पावसाळ्यात मावशीने बँकेचा हप्ता भरण्यासाठी ते मंगळसूत्र मोडले. या वेळी गहाण ठेवले नाही, मोडलेच. 'बाकीच्या जणी माझ्या जामिनावर बसल्यात,' एवढेच म्हणाली. तिचा मुलगा बदली कामगार होता. त्याने त्या वर्षात दारू जवळ केली, आणि एके दिवशी बायको व तान्हा मुलगा आईपाशी टाकून निघून गेला, तो परतला नाही. म्हणजे एक नात होतीच, आता नातूही आला. सून पुढे माहेरी गेली. दोन्ही पोरे आजीने वाढविली, शिकविली. नात परिचारिका झाली.

माणसे गेली आणि खानावळ रोडावली. रिकामा वेळ मावशीला सोसत नव्हता. परळच्या एस.टी. आगारात पहाटे कोकणच्या गाड्या लागतात. त्यांतून उतरणाऱ्या लोकांत एखादा तरी आजारी माणूस असतोच, आणि त्याला के.ई.एम.ला जायचे असते. इतके मोठे इस्पितळ, केसपेपर कोठे काढायचा, रक्त कोठे द्यायचे, रात्री नातेवाइकाने पाठ कोठे टेकायची, हे गावच्या माणसाला कोण सांगणार? मावशी सकाळी पेजेची किटली घेऊन इस्पितळाच्या दाराशी उभी राहू लागली. डोक्याला टापशी बांधलेला, हातात पिशवी आणि चेहऱ्यावर गोंधळ असा माणूस दिसला की 'गाव कोणता?' हा तिचा पहिला प्रश्न. पुष्कळदा गाव ओळखीचे निघे, कारण त्या गावचा कोणीतरी तिच्याकडे जेवलेला असे. एकदा एका पोराला घेऊन आलेला बाप म्हणाला, अमुक माझा भाऊ. मावशीने वही आठवली आणि म्हणाली, 'म्हणजे आमचा मासा! सात महिन्यांचे राहिलेत त्याचे.' तो मनुष्य वरमला. तिने त्याला पेज वाढली, पोराला रांगेत लावले, आणि त्या पैशाचा विषय पुन्हा काढला नाही. हे काम तिने सत्तरी ओलांडेपर्यंत केले. त्याचे तिला मानपत्र नाही, ओळखपत्रही नाही. वॉर्डबॉय तिला आत सोडीत एवढेच.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येतो.

बंद गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे द्यायची, असे पुष्कळ लढ्यानंतर ठरले. अर्ज मागविले गेले, आणि म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली. पात्रता अशी की १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर माणूस गिरणीच्या हजेरीपटावर पाहिजे. तो नसेल तर त्याचा वारस. आमच्या संघटनेच्या कचेरीत आम्ही अर्ज भरून देत होतो. सकाळपासून रांग. कोणाचे तिकीट हरवलेले, कोणाचा पगाराचा कागद वाळवीने खाल्लेला. एके दिवशी दुपारी मावशी आली, नातीच्या हाताला धरून, कापडात गुंडाळलेली वही घेऊन. स्वतःसाठी आली नव्हती. तो दाराशी बसणारा कामगार, त्याची विधवा गावाहून आली होती आणि तिच्याजवळ पुरावा म्हणून काहीच नव्हते. मावशीने वही उघडली. त्याच्या चित्रापुढे १९८२ च्या जानेवारीच्या रेघा: पाळी कोणती, डबा कोणत्या फाटकाशी. 'हा मनुष्य सतरा तारखेपर्यंत कामावर होता, ही बघ माझी नोंद.'

आम्ही समजावून सांगितले की हा पुरावा चालणार नाही, गिरणीची नोंद पाहिजे. ती म्हणाली, 'गिरणीची नोंद गिरणी बुडाली तेथे बुडाली. माझी आहे.' आम्ही मान हलविली. मग ती अर्जाकडे बघत राहिली. नातीकडून एकेक रकाना वाचून घेतला. आणि म्हणाली, 'बाबा, यात मी कोणत्या रकान्यात येते?'

रांग फार मोठी होती. आमच्या टेबलाशी बसलेले दोघे-तिघे हसले. आम्हीही हसलो. मावशीचा विनोद म्हणून हसलो. तीसुद्धा थोडी हसली, वही गुंडाळली आणि गेली.

त्या विधवेचे काम पुढे आम्ही केले. जुन्या भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांतून नोंद सापडली. पण मावशीच्या प्रश्नाला उत्तर आम्ही दिलेले नाही, आजही आमच्याजवळ ते नाही. आम्ही तीस वर्षे कामगारांच्या मागण्यांचे मसुदे लिहिले. कंत्राटी सफाई कामगारांना हजेरीपटावर आणण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. फाटकाच्या आत घाम गाळणाऱ्याला मस्टरवर नाव मिळालेच पाहिजे, हे आम्ही शेकडो सभांतून सांगितले. आणि फाटकाच्या आतल्या अडीच लाखांना ज्या बायका दोन वेळ जेवू घालत होत्या, त्यांच्यासाठी एकाही मसुद्यात एक कलम लिहिले नाही. लिहायचे टाळले असेही नाही, ते सुचलेच नाही. प्रेमाताईंना सुचले, पण त्यांचे मंडळ हे बायकांचे काम आणि आमची संघटना ही चळवळ, अशी आमच्या मनात कोठेतरी वाटणी होती. संप मोडला तेव्हा ज्यांनी मंगळसूत्र मोडले, त्यांचे नुकसान संपाच्या नुकसानीत आजवर कोणी धरलेले आम्ही पाहिले नाही. हे आम्ही दुसऱ्या कोणाला बोल लावण्यासाठी सांगत नाही. त्या टेबलापाशी आम्हीच बसलो होतो.

मावशी २०१६ साली गेली. वय ऐंशीच्या पुढे, नक्की तिलाही ठाऊक नव्हते. तेराव्याला खोलीत जागा पुरेना. कोकणातून माणसे आली होती, आणि त्यांतल्या एकाने, चित्र काय ते आम्ही विचारले नाही, तांदळाचे पोते आणून कोपऱ्यात ठेवले.

चार-सहा दिवसांनी नात वही घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, तुमच्या कचेरीत राहू दे. आम्ही पाने चाळू लागलो. १९८२ च्या जानेवारीचे पान आले. बावीस चित्रे ओळीने. सर्वांत खाली तेविसावे, काठीला दोन डबे अडकविलेले एक लहान माणूस. त्याच्यापुढे सतरा रेघा, एकही टिंब नाही, आणि नातीच्या तेव्हाच्या कच्च्या अक्षरात लिहिलेले: 'देणे, रुपये साडेआठ.' खाली आडवी ओळ मारलेली नव्हती.

संप लागल्यावर त्या पैशाची आम्हांला आठवणही राहिली नव्हती. नातीने पिशवीतून पाकीट काढले आणि साडेआठ रुपये मोजून आमच्या टेबलावर ठेवले. आम्ही नको म्हणालो. ती म्हणाली, 'घ्या दादा, आजीने खाते उघडे ठेवलंय.' तेव्हा आम्ही ते घेतले, आणि तिच्याच पेनाने ती ओळ मारली.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्हांला दिसले. तेव्हा येथेच थांबतो.